चरबी, मेण आणि 'अंधश्रद्धा'

१८५७ चा विषय निघाला की आपल्याकडील काही विद्वानांच्या मुद्रेवर एक ठरावीक स्मित उमटते. काडतुसाला गाई-डुकराची चरबी लावल्याची आवई उठली, भाबडे शिपाई बिथरले आणि त्यांनी बंड केले. यालाच तुम्ही स्वातंत्र्यसमर म्हणता काय, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. काडतूस हे निमित्त होते, कारण नव्हे, असे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात निक्षून सांगितले. ते यथार्थच आहे. परंतु ज्या निमित्ताची इतकी टवाळी होते, ते तरी टवाळीच्या योग्यतेचे होते काय, हे एकदा तपासले पाहिजे. त्यासाठी आपल्या पोथ्या धुंडाळण्याचे कारण नाही. इंग्रजांचे स्वतःचे लष्करी दप्तर पुरेसे आहे.

प्रथम बंदुकीची गोष्ट. नव्या एन्फील्ड रायफलीच्या नळीला आतून आटे होते आणि तिची गोळी मऊ शिशाची होती. बारूद जळाली की नळीत काजळीचे किटण साचे आणि काही बार झाल्यावर पुढची गोळी ठासणे कठीण होई. म्हणून कागदी काडतुसाचे गोळीकडील टोक वंगणात बुडवलेले असे. शिपायाने काडतुसाचे दुसरे टोक दाताने फाडायचे, बारूद नळीत ओतायची आणि वंगण लागलेल्या कागदासह गोळी ठासायची, अशी कवायत होती. वंगण आवश्यक होते, हे कोणीच नाकारत नाही. पण वंगणाला हवे होते काय? उन्हाळ्यात वितळून जाऊ नये म्हणून मेण आणि निसरडेपणा यावा म्हणून एखादे स्निग्ध द्रव्य. ते स्निग्ध द्रव्य कोणत्या प्राण्याचे की कोणत्या बीचे, याच्याशी बंदुकीला कर्तव्य नव्हते. ज्याच्या ओठांशी ते काडतूस जाणार होते, त्याला मात्र होते.

विलायतेत या मिश्रणात चरबी वापरीत. ती हिंदुस्थानात चालणार नाही, हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणावे, तर तसेही नाही. वंगण लावलेली काडतुसे येथील हवेत कशी टिकतात हे पाहण्यासाठी १८५३ मध्ये पाठविली गेली, तेव्हाच बंगालच्या सेनेचे अ‍ॅड्जुटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता. हे वंगण शिपायांच्या धर्मभावनेला धक्का देणारे नाही याची खात्री झाल्यावाचून ती त्यांच्या हाती देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. इशारा दप्तरात पडून राहिला. पुढे १८५७ मध्ये चौकशी झाली, तेव्हा दारूगोळा खात्याच्या मुख्याधिकाऱ्याला कबूल करावे लागले की, आक्षेपार्ह चरबी वगळण्याची विशेष खबरदारी घेतलेली दिसत नाही.

आता त्या 'भाबड्या' शिपायांकडे पाहू. जानेवारी १८५७ च्या चौथ्या आठवड्यात कलकत्त्याजवळील डमडम येथे, नव्या रायफलीचे शिक्षण घेणाऱ्या तुकडीला मेजर बाँटीन यांनी तक्रारी विचारल्या. निदान दोन-तृतीयांश लोक, सर्व देशी अधिकाऱ्यांसह, रांगेतून पुढे आले. अत्यंत अदबीने, पण स्पष्टपणे त्यांनी वंगणावरील आक्षेप मांडला आणि तेथेच न थांबता उपायही सुचविला. चरबीऐवजी मेण आणि तेल योग्य प्रमाणात मिसळून वापरावे; तेवढ्याने काम भागेल. हे आम्ही म्हणत नाही, बाँटीन यांच्या अहवालातच ते नमूद आहे. ज्यांना अंधश्रद्ध ठरविण्यात आले, त्यांनी रायफल नाकारली नव्हती, कवायत नाकारली नव्हती, शास्त्रही नाकारले नव्हते. शास्त्राची गरज भागेल आणि धर्मही राहील, असा तोडगा त्यांनी दोन घरगुती जिनसांत काढून दाखविला होता! पुढे तर इंग्रजांच्या लष्करानेच चरबी मागे सारून मेणावर भिस्त ठेवली, कारण चरबीतील आम्ल शिशालाच बाधत असे.

२७ जानेवारीला लष्करी सचिव कर्नल बर्च यांनी हुकूम काढला. काडतुसे कोरडीच द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे मिश्रण स्वतः लावावे. पुढे काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याचीही मुभा मिळाली. येथे आमचे विद्वान विचारतील की, मग बंड का झाले? वंगण लावलेली नवी काडतुसे फारशा शिपायांच्या तोंडापर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि मीरतला ज्यांच्यावरून ठिणगी पडली ती तर जुनीच काडतुसे होती, ना? होय, होती. पण त्यामुळे शिपाई मूर्ख ठरत नाहीत, राज्यकर्ते उघडे पडतात. इशारा मिळूनही जे सरकार तीन वर्षे निजले आणि बोभाटा होताच पाच दिवसांत वंगण बदलायला निघाले, त्याच्या कोऱ्या कागदावर तरी विश्वास कोणी ठेवावा? शिपायांना तुकतुकीत कागदातही चरबी दिसू लागली, ती यामुळे. प्रांतामागून प्रांत घशात घालणाऱ्या सत्तेचा शब्द खोटा ठरलेला होता. मेण-तेलाने नळीतील किटण निघते, मनातील निघत नाही.

आणि २४ एप्रिलला मीरतच्या संचलनात ९० पैकी ८५ स्वारांनी काडतूस घेण्यास नकार दिला, तेव्हा सरकारने काय केले? ९ मे रोजी त्यांना साऱ्या फौजेसमोर बेड्या ठोकल्या. त्यांत हिंदू होते आणि मुसलमानही होते. दुसऱ्या दिवशी मीरत पेटले.

या साऱ्यावर शिक्कामोर्तब केले आहे ते लॉर्ड रॉबर्ट्स यांनी. हा सेनानी स्वतः १८५७ मध्ये शिपायांविरुद्ध लढला होता आणि पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. सरकारी कागदपत्रांच्या आधारे त्यांनी १८९७ च्या आपल्या आत्मवृत्तात मान्य केले की, वंगणात आक्षेपार्ह चरबी खरोखरच होती. गोरा सेनापती जे मान्य करतो, ते मान्य करायला आमच्या विद्वानांची जीभ का अडखळते?

आज स्वतंत्र भारतात खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर शाकाहारी-मांसाहारी अशी खूण छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या तोंडात काय जाते, हे जाणून घेण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे, हे तत्त्व त्यामागे आहे. दुकानात वेष्टन उलटून ती खूण पाहणाऱ्याला कोणी अंधश्रद्ध म्हणत नाही. तो जागरूक ग्राहक ठरतो. मग डमडमच्या रांगेतून पुढे आलेला शिपाईच तेवढा अडाणी कसा? त्याने मागितले ते यापेक्षा तसूभरही अधिक नव्हते. फरक एवढाच की, ग्राहकाच्या पाठीशी त्याचे स्वतःचे राज्य आहे आणि त्या शिपायाच्या पाठीशी ते नव्हते. म्हणूनच चरबीचा प्रश्न अखेर स्वराज्याच्या प्रश्नापाशी जाऊन पोहोचला.

आपल्या मुलांना १८५७ शिकविताना 'चरबीची अफवा' एवढ्यावर थांबू नये. ती अफवा नव्हती हे सांगावे, आणि शिपायांनी अदबीने सुचविलेल्या मेण-तेलाची गोष्टही सांगावी. शहाणे कोण आणि आंधळे कोण, हे मग मुलेच ठरवतील.