निळ्या रंगाचा निवाडा

१ जून २०१७ रोजी पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा रस्त्यावर ओतले गेलेले दूध साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तो प्रश्न दराचा व कर्जाचा होता. परंतु हलके ठरवून संकलन केंद्रावरून परत पाठविले जाणारे दूध मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. संगमनेर, अकोले, राहुरीकडील उत्पादकाला भाव मिळतो तो स्निग्धांश व स्निग्धेतर घन घटकांवर. पण दूध किती स्वच्छ, हे ठरविण्याची एक जुनी कसोटी आहे मिथिलीन ब्लू या रंगाची, आणि ती जितकी स्वस्त तितकीच फसवी आहे.

दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर निळे द्रावण घालून नळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवावयाची. जंतू आधी दुधातील प्राणवायू संपवितात आणि मग निळा रंग उडतो. पाच तासांहून अधिक टिकला तर दूध अतिउत्तम, तीन-चार तास टिकला तर चांगले, एक-दोन तास टिकला तर साधारण आणि अर्ध्या तासातच उडाला तर हलके, अशी प्रतवारी आहे. येथे तराजूचे काम घड्याळ करते. पदार्थाचे वजन न करता विक्रियेचा वेग मोजणाऱ्या अशा पद्धतींना गतिकीय पद्धती म्हणतात. १८५० साली जर्मनीत विल्हेल्मीने उसाच्या साखरेचे अम्लात होणारे विघटन ध्रुवणमापकाने मोजले, तेव्हापासून हा विचार रुजला. (तेच उपकरण साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला अपरिचित नाही!) लघवीतील अत्यल्प आयोडिनही याच मार्गाने, सेरियम व आर्सेनिक यांच्या विक्रियेवरून मोजतात.

मात्र वेगाचा हा साक्षीदार भलताच हळवा आहे. तापमान दहा अंशांनी चढले की साधारण विक्रियेचा वेग दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने पाणी दोनच अंश अधिक तापले, तरी तीन तासांच्या निकालातून सुमारे पंचवीस मिनिटे गळतात. जंतूंचा हिशेब इतका सरळ नसतो हे खरे. पण चुकीच्या तापमापकाचा दंड उत्पादकाला भरावा लागतो, एवढे त्यावरून उमजावे. नळी जोराने हलविली तर प्राणवायू मिसळून रंग अधिक टिकतो. मुळीच उलटी केली नाही तर साय वर चढते आणि जंतूंनाही बरोबर नेते. ऊन लागले तरी निकाल बिघडतो. उलट, ज्याने दुधात जंतुनाशक घातले, त्याची नळी खुशाल निळी राहते. म्हणजे लबाड सुटतो आणि प्रामाणिक अडकतो!

यावर महागडी यंत्रे आणा, असे सुचविले जाते. यंत्रालाही तापमान लागतेच. त्याआधी पडताळलेला तापमापक, निर्जंतुक नळ्या, ठरलेल्या शक्तीचे द्रावण आणि प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या, एवढे तरी असावे. शिवाय दोन साक्षी नळ्या हव्यात: एकीत उकळलेले दूध व रंग, दुसरीत उकळलेले दूध व रंगाऐवजी पाणी. पहिली निळी राहिली नाही, तर त्या दिवसाचे सारे निकाल रद्द समजावेत. रंग पुरता उडाला की नाही, हे दुसरीशी ताडून पाहावे. सुरुवातीची व अखेरची वेळ वहीत लिहून ती वही उत्पादकाला पाहू द्यावी. जोडीला जंतुनाशकांची निराळी तपासणीही हवीच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात हेच तर शिकविले जाते. त्यांनी एखाद्या सुटीत केंद्रावरील तापमापक पडताळून दिले, तर खर्च फारसा येणार नाही.

एक अडचण मात्र वहीने सुटणारी नाही. आता दूध गावातच शीतटाकीत जाते. थंडीत वाढणारे जंतू ३७ अंशांवर रंग उडविण्यात मंद असतात. त्यामुळे थंड केलेले दूध आहे त्याहून चांगले भासते. तासांच्या जुन्या मर्यादा गोठ्यातून थेट आलेल्या दुधाला शोभणाऱ्या आहेत. शीतटाकीतील दुधासाठी त्या नव्याने तपासाव्या लागतील, आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ त्या कामासाठी दूर नाही.