संगणकांच्या घरातली कोठी

पूर्वीच्या घरांत मूठभर डाळीसाठी रोज वाण्याकडे कोणी धावत नसे. महिन्याचे सामान एकदा आणून कोठीत भरले की घरातल्या दहा माणसांची गरज तिथूनच भागे. एकाच जाळ्यात जोडलेल्या संगणकांसाठीही अशी कोठी असते. तिचे नाव प्रॉक्सी सर्व्हर.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्या दशकात सेकंदाला ६४ हजार बिट आणणारी लाइनसुद्धा महाग होती. समजा, एका महाविद्यालयात अशी एकच लाइन आणि ३० संगणक आहेत. एक लाख बाइटचे पान यायला साडेबारा सेकंद लागतात. तेच पान तिसांनीही मागितले, तर सहा मिनिटे सहज जातात.

प्रॉक्सी असेल तर पहिल्या विद्यार्थ्यासाठी पान बाहेरून येते आणि त्याची एक प्रत प्रॉक्सीच्या डिस्कवर राहते. उरलेल्या एकोणतीस जणांना ती प्रत आतल्या आतच, क्षणभरात मिळते. स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत १९९४च्या सुमारास असा प्रॉक्सी तयार झाला. १९९६ साली आलेला, मोफत मिळणारा ‘स्क्विड’ तर जगभर वापरला गेला.

पण कोठीतले धान्य जुने झाले तर? म्हणून पानासोबत ते किती काळ ताजे मानावे, याची सूचना येते. मुदत संपली की प्रॉक्सी मूळ सर्व्हरला विचारतो, ‘माझ्याकडच्या प्रतीनंतर काही बदलले का?’ ‘नाही’ असे उत्तर आले की जुनीच प्रत चालते; सगळे पान पुन्हा आणावे लागत नाही. जागा भरली की बहुधा ज्यांना बरेच दिवस कोणी विचारले नाही, ती पाने आधी काढली जातात.

गोंधळ होतो तो ही सूचना चुकीची असली तर. निकाल लागलेला असतो आणि पडद्यावर मात्र ‘निकाल लवकरच’ असेच दिसत राहते. अशा वेळी कंट्रोल आणि एफ-५ या कळा एकत्र दाबल्या की ताजी प्रत मागवली जाते.

आता बहुतेक संकेतस्थळे मजकूर कुलूपबंद करून पाठवतात. पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असते ती हीच. साध्या प्रॉक्सीला फक्त संकेतस्थळाचे नाव कळते, आतले पान दिसत नाही. त्यामुळे कोठीचा उपयोग बराच घटला. प्रती साठवण्याचे काम आता ब्राउझर आणि मोठ्या कंपन्यांनी शहरोशहरी ठेवलेले सर्व्हर करतात.

तरीही कोठीची किल्ली कोणाकडे आहे, हे विसरून चालत नाही. कोणत्या संगणकावरून कोणते संकेतस्थळ केव्हा उघडले, याची नोंद प्रॉक्सीत राहू शकते. कार्यालयाच्या संगणकात कार्यालयाने स्वतःचे प्रमाणपत्र बसवले असेल, तर त्याच्या प्रॉक्सीला कुलूपबंद मजकूरही उघडता येतो. म्हणून बँकेचे व्यवहार आणि घरगुती पत्रे स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या जोडणीवरच केलेली बरी.