आधी पेटी उघडा, मग पाकीट

ऑक्टोबर २०२५ हा महिना ब्रिटनमधल्या जुन्या घरगुती संगणकांना चांगलाच भोवला. दिवाळीच्या तोंडावर, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० आणि त्याच्या पिढीतल्या ग्राफिक्स कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं बंद केलं. २०१६ साली आलेलं १०६० वर्षानुवर्षं जगातल्या गेमरांचं सर्वांत लाडकं कार्ड होतं. आता २०२८ पर्यंत त्याला मिळणार ती फक्त सुरक्षेपुरती डागडुजी.

अशा वेळी हॅरो काय किंवा रेडिंग काय, एखाद्या मराठी घरात ‘बाबा, नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ या’ असा हट्ट सुरू झाला तर नवल नाही. मुलाची तक्रार खोटी नसते. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सचा खेळ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ या दोन्हींना रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून दृश्य रंगवणं, जमणारं कार्ड लागतंच. १०६० ला ते जमत नाही, मग सेटिंग कितीही उतरवा.

पण ज्या यंत्रात नवं कार्ड बसवायचं, ते यंत्र तेवढ्या लायकीचं आहे का, हे घरात कोणी विचारत नाही. आपल्याकडे अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे आतला खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, कोणाच्या लक्षातच राहत नाही.

२०१६-१७ मध्ये घेतलेल्या बहुतेक इंटेल संगणकांत सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो. विंडोज ११ ला साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. म्हणजे अशी पेटी अधिकृतपणे विंडोज १० वरच अडकली. तिला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत मिळते, पण त्यातही गंमत आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना ही मुदत आपली सेटिंग क्लाउडवर न ठेवताही फुकट मिळते. ब्रिटन त्या क्षेत्रात नाही. इथे सेटिंग क्लाउडवर ठेवा, मायक्रोसॉफ्टचे रिवॉर्ड गुण खर्च करा किंवा पैसे मोजा. ब्रेक्झिटचा फटका कुठे कुठे बसावा!

अशा पेटीत २७० पौंडांना बाजारात आलेलं आरटीएक्स ५०६० बसवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय हे कार्ड मदरबोर्डाशी आठच मार्गिकांनी बोलतं. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर मात्र कार्डाची मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो.

प्रोसेसर आणि कार्ड यांचं नातं पुरणपोळीच्या स्वयंपाकासारखं आहे. एक पोळ्या लाटतो, दुसरा भाजतो. लाटणारा एकटा आणि दमलेला असेल, तर शेगडीवर चार तवे चढवून पोळ्या वाढत नाहीत. घोडं नेमकं कुठे अडतंय, हे घरबसल्या आणि फुकट कळतं. नेहमीचा खेळ सुरू करायचा आणि रिझोल्यूशन थेट ७२० वर आणायचं. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या भरभर वाढली, तर कार्डच कमी पडत होतं. आकडा जवळपास जागचा हलला नाही, तर दोष बहुधा प्रोसेसरचा. मग नवं कार्ड आणूनही फारसा फरक पडणार नाही. दहा मिनिटांची ही चाचणी केल्याशिवाय कोणी दोन-तीनशे पौंड खर्च करू नयेत.

पडद्याचंही तेच. स्टीम या खेळविक्रीच्या मंचाच्या मासिक पाहणीत निम्म्याहून अधिक लोक अजून १०८० चाच पडदा वापरताना दिसतात. तो सेकंदाला ६० वेळाच बदलणारा असेल, तर १४० फ्रेम काढणाऱ्या कार्डाचा बहुतेक दिमाख डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

पेटी २०१८ नंतरची, विंडोज ११ चालवणारी आणि चाचणीत कार्डच दोषी ठरलं, तर बदल जरूर करावा. मात्र खोक्यावरचं नाव वाचून नव्हे. आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये एकाच नावाने दोन प्रकारांत आलं : ८ जीबीचं ३४९ पौंडांना आणि १६ जीबीचं ३९९ पौंडांना. जुनी सवय आहे ही. १०६० चंही ३ जीबी आणि ६ जीबी असं जुळं होतं, आणि त्यातल्या धाकट्यात मेमरीच नव्हे, चिपमधले गणनेचे गाभेही कमी होते. पाच-सहा वर्षं वापरायचं कार्ड आज ८ जीबीचं घेऊ नये. तेवढं बजेट नसेल, तर इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरी देतं आणि ते साधारण २५० पौंडांना बाजारात आलं होतं. मात्र जुन्या प्रोसेसरबरोबर तेही रुसतं.

विजेची भीती बहुतेकांनी सोडून द्यावी. ५०६० पूर्ण भाराने १४५ वॉट खातं, १०६० खायचं १२०. २०२५ च्या अखेरीस वीज नियामक ऑफजेमच्या दरमर्यादेनुसार विजेचं युनिट साधारण २६ पेन्सला होतं. रोज तीन तास खेळलं तरी नव्या कार्डाचं वर्षाचं बिल ४० पौंडांच्या आसपास येतं. १,९३९ पौंडांना बाजारात आलेल्या ५०९० ची गोष्ट निराळी. ते ५७५ वॉट ओढतं, म्हणजे त्याच हिशेबाने वर्षाला १६० पौंडांहून जास्त. पण ते घेणारा विजेचा हिशेब करत बसत नाही.

राहिली ‘आता नाही घेतलं तर महाग होईल’ ही धास्ती. ती अगदीच निराधार नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. तरीही २०२१ आठवावं. क्रिप्टोचलनाच्या खाणकामाच्या लाटेत ६४९ पौंडांचं आरटीएक्स ३०८० लोकांनी हजाराच्या वर पैसे मोजून घेतलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाने कार्डांवरचं खाणकाम निकालात काढलं, आणि तीच कार्डं जुन्या बाजारात निम्म्याहून कमी भावाने दिसू लागली. घाईने घेतलेल्यांनी भाव दिला तो भीतीचा.

वापरलेलं कार्ड घ्यायला हरकत नाही, फक्त विकणारा कोण ते पाहावं. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या मालालाही २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं संरक्षण आहे. सदोष निघाला तर ३० दिवसांत तो नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. दुकानाच्या वेबसाइटवरून मागवलं असेल, तर हाती पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देताही करार मोडता येतो. खाजगी विक्रेत्याकडून, कार पार्कात रोख देऊन घेतलेल्या कार्डाला यातलं काहीही लागू नाही.