दादाचे एकशे पंचाहत्तर घोडे

मुलांना पगार विचारू नये, मुलींना वय विचारू नये आणि पिकअप मॉडिफाय केलेल्या माणसाला त्याच्या गाडीचे हॉर्सपॉवर विचारू नयेत. पहिले दोघं सांगत नाहीत म्हणून. तिसरा सांगायचा थांबत नाही म्हणून.

माझा मावसभाऊ हा तिसऱ्या प्रकारातला. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहिणारा शांत प्राणी. शनिवार-रविवार मात्र त्याच्या पांढऱ्या इसुझू व्ही-क्रॉसचा गुलाम. २०१६ मध्ये भारतात आली ना, तीच ती २.५ लिटर डिझेल. दादाने सेकंडहॅन्ड घेतली, कंपनीपेक्षा मोठे टायर चढवले, आणि मागच्या वर्षीच्या बोनसमधून एका ट्यूनरकडे जाऊन इंजिनाचा ईसीयू रीमॅप करून घेतला. म्हणजे हार्डवेअर तेच, फक्त इंजिनाच्या मेंदूतलं सॉफ्टवेअर बदलायचं. डिझेल किती, कधी सोडायचं आणि टर्बोने किती दाब द्यायचा, याचे हिशेब नवीन. कंपनी सांगते १३४ बीएचपी. ट्यूनर म्हणाला, "आता पक्के १७५!"

झालं. बारशाला १७५, लग्नात १७५, मावशीच्या श्रावणी सोमवारच्या जेवणातही १७५.

अशाच एका रविवारी मावशीकडे मटार उसळ खाता खाता वहिनीने शांतपणे विचारलं, "हे एकशे पंचाहत्तर मोजले कोणी?"

दादा घास गिळून म्हणाला, "अगं, ट्यूनर सांगतो ना!"

वहिनी सीए आहे. "म्हणजे ज्याने बिल लावलं, त्यानेच ऑडिट केलं?" ती म्हणाली. टेबलावर शांतता. जूनमध्ये याच गाडीतून ती, दादा आणि माझा आठ वर्षांचा भाचा स्पितीला जाणार होते. त्यामुळे प्रश्न फक्त बढाईचा नव्हता. शेवटी ठरलं, गाडी डायनोवर चढवायची. आणि न्यूट्रल साक्षीदार म्हणून कोण? अर्थात मी. फ्रीलान्सर माणसाला शनिवारी काय काम असतं, असं सगळ्या घरांत वाटतं ना, तसंच आमच्याकडेही!

घोडा आला कुठून?

जायच्या आधी थोडा गृहपाठ केला. अठराव्या शतकात जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाईक विचारणार, "माझे किती घोडे वाचतील?" म्हणून त्याने एक माप ठरवलं. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचललं की एक हॉर्सपॉवर. आजच्या भाषेत साधारण ७४६ वॅट. थोडक्यात, हॉर्सपॉवरचा जन्मच सेल्स पिचमधून झालाय. ट्यूनरला एकट्याला काय बोलायचं?

आणि बीएचपीमधला 'बी' म्हणजे ब्रेक. १८२१ मध्ये गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने फिरणाऱ्या शाफ्टला लाकडी ब्रेक आवळून इंजिनाचा जोर मोजायची युक्ती काढली. तत्त्व आजही तेच. इंजिनाला कशाशी तरी झटापट करायला लावा आणि तो जोर मोजा. आपल्याकडे वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे ज्या भागाला 'एआरएआय टेकडी' म्हणतात, त्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये इंजिन गाडीबाहेर काढून असं बेंचवर तपासतात. तुमच्या-आमच्या गाडीचं इंजिन कोण काढणार? म्हणून आपल्यासाठी चासी डायनो. गाडी आख्खीच्या आख्खी रोलरवर.

सीटीसी आणि इन-हॅन्ड

चाकणच्या बाजूला एका शेडमध्ये आम्ही सकाळी साडेनऊला हजर. डायनो चालवणारे काका आधी एका कंपनीच्या टेस्टिंगमध्ये होते, आता रिटायर्ड. कपाळावर चष्मा, हातात कटिंग. दादाने गाडी रोलरवर घेतली, काकांनी ती पट्ट्यांनी अशी बांधली की जणू ती पळूनच जाणार आहे. समोर भलामोठा पंखा. गाडी उभी असताना रेडिएटर आणि इंटरकूलरला वारा मिळत नाही ना, म्हणून. गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये, कारण रोलर फक्त मागच्या चाकांखाली.

"किती अपेक्षा आहे?" काकांनी विचारलं.

"एकशे पंचाहत्तर," दादा.

"चाकाला की इंजिनाला?"

दादा गप्प. मग काकांनी जे समजावलं ते आपल्या ऑफिसवाल्या पब्लिकला चटकन कळेल. कंपनी जो आकडा छापते तो इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरचा. म्हणजे सीटीसी. तिथून निघालेली ताकद गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर यांतून जाता जाता प्रत्येक ठिकाणी थोडी कापली जाते. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस! चाकावर जे पोहोचतं ते इन-हॅन्ड. डायनो फक्त इन-हॅन्ड मोजतो. सीटीसीचा अंदाज आपण बांधायचा.

"आणि रीमॅपच्या आधीचा रिपोर्ट?"

"नाही काढला," दादा पुटपुटला.

"मग तुलना कशाशी करणार?"

सुदैवाने दादाकडे ट्यूनरने दिलेलं हॅन्डहेल्ड डिव्हाइस होतं आणि त्यात कंपनीची मूळ फाइल सेव्ह होती. काका म्हणाले, "मग आधी कंपनीचा मॅप टाका. त्याच रोलरवर, त्याच टायरवर, त्याच सकाळी दोन्ही मॅप चालवू. डायनोच्या एकट्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. फरकावर ठेवा."

एकशे आठ

कंपनीचा मॅप. चौथा गिअर, कारण त्यात गिअरबॉक्सचा रेशो साधारण एकास एक असतो. दादाने खालच्या आरपीएमपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. शेडचे पत्रे थरथरले, माझ्या चहावर साय धरली असती तर तीही फाटली असती. पंधरा-वीस सेकंदांत खेळ खल्लास. स्क्रीनवर दोन रेघा. एक टॉर्कची, एक पॉवरची. खाली आकडा : १०८.

दादाचा चेहरा असा की अप्रेझलचं पत्र उघडलंय आणि त्यात 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' लिहिलंय.

"घाबरू नका," काका म्हणाले. "छापील १३४ मधून १०८ चाकाला म्हणजे एकोणीस-वीस टक्के कापले गेले. मोठे टायर आहेत, जड आहेत. ठीक आहे."

मग रीमॅप टाकला. गाडी दोन मिनिटं पंख्यासमोर थंड केली आणि परत तोच खेळ. या वेळी आवाजच वेगळा. आकडा : १३१. पुन्हा एकदा : १३०.

"बघ!" दादाला उकळ्या फुटल्या. मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. "इंटरनेटवर वाचलंय मी, फोर-बाय-फोरमध्ये पंचवीस टक्के लॉस धरतात. १३१ भागिले ०.७५ म्हणजे किती? एकशे पंचाहत्तर! बरोबर तेवढेच!"

मीही टाळी देणार होते. काकांनी चहाचा घोट घेतला. "हाच पंचवीस टक्के लॉस कंपनीच्या मॅपला लावा."

दादाने लावला. १०८ भागिले ०.७५. एकशे चव्वेचाळीस.

"कंपनीने कधी १४४ म्हटलंय?"

नाही. कंपनी १३४ म्हणते. लॉस ही आपल्याला हवा तो आकडा काढून देणारी जादूची कांडी नव्हे. गाडी तीच, टायर तेच, तर दोन्ही वेळा टक्केवारीही साधारण तीच धरायला हवी. १०८ चे १३१ म्हणजे एकवीस टक्के वाढ. १३४ वर एकवीस टक्के चढवले की होतात एकशे बासष्ट. १७५ नव्हे.

"काम वाईट नाही हो त्याचं," काका ट्यूनरबद्दल म्हणाले. "बोलणं जरा जास्त आहे."

तिसरा रन

इथे थांबलो असतो तर हा कॉलम गमतीशीर झाला असता आणि संपला असता. पण काकांनी विचारलं, "गाडी नेणार कुठे?"

"स्पिती. फॅमिली घेऊन."

"मग एक रन चढावाचा करू."

त्यांच्या डायनोला विजेवर चालणारा ब्रेक आहे. त्यामुळे रोलर नुसता फिरवता येतो, तसाच अडवूनही धरता येतो. काकांनी गाडीला दोन हजारांच्या आसपास आरपीएमवर धरून ठेवलं. या इंजिनाचा टॉर्क सगळ्यात जास्त तिथेच असतो. कंपनीच्या मॅपवर ३२० न्यूटन मीटर, रीमॅपमध्ये त्याहून बराच जास्त. फुल्ल लोड, जणू सामान भरून घाट चढतोय. पाच सेकंद. आठ सेकंद. आणि अचानक स्क्रीनवर इंजिनाचे आरपीएम वर उडाले. रोलरचा वेग होता तिथेच.

मला काही कळायच्या आत वास आला. जळका, कडवट. मुंबईला जाताना बोरघाटात एखाद्या ओव्हरलोड ट्रकच्या मागे अडकलात तर येतो, तोच.

"क्लच," काका म्हणाले आणि बटण दाबून सगळं थांबवलं.

गोष्ट सोपी आहे. गिअर तोच असेल तर इंजिनाचा आणि चाकाचा वेग एकमेकांशी बांधलेला असतो. इंजिन पुढे पळालं आणि चाक नाही, म्हणजे मधे कोणीतरी हात सोडला. क्लचप्लेट कंपनीने कंपनीच्या टॉर्कसाठी दिलेली. वर ती सेकंडहॅन्ड गाडीची, आधीच घासलेली. पहिल्या दोन रनमध्ये तिने कसंबसं निभावलं. तापली आणि सुटली. रस्त्यावर हे दादाला कळलं नव्हतं, कारण पुण्यात आठ सेकंद फुल्ल अॅक्सिलरेटर दाबायला जागा आहेच कुठे?

दादा काहीच बोलला नाही. मला माहीत आहे तो काय विचार करत होता. काझा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. एका बाजूला दरी, मागच्या सीटवर मुलगा, आणि अॅक्सिलरेटर दाबला तर नुसता आवाज.

जायचं असेल तर…

तुमच्याही ऑफिसात असा एखादा 'दादा' असेलच. किंवा तो तुम्हीच असाल! तर मंडळी, काकांच्या शाळेतले काही धडे :

● बदल करण्याआधी रन काढा. नंतरचा आकडा एकटा काही सांगत नाही.

● आधीचा आणि नंतरचा रन एकाच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा भरून करा. मित्राच्या दुसऱ्या डायनोवरच्या आकड्याशी भांडू नका.

● प्रिंटआउटवर करेक्शन फॅक्टर बघा. तापमान आणि हवेचा दाब धरून आकडा सुधारतात आणि पद्धत बदलली की आकडाही काही टक्क्यांनी बदलतो. त्यातून टर्बो डिझेलला हे करेक्शन जास्तच उदार ठरू शकतं, कारण पातळ हवेची कसर टर्बो स्वतःच बरीच भरून काढतो.

● नुसतं शिखर बघू नका, आख्खी रेघ बघा. रोजची गाडी आपण शिखरावर चालवत नाही.

● आणि कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि इन्शुरन्सचं दुखणं वेगळंच.

इन-हॅन्ड

परत येताना दादाने गाडी कंपनीच्या मॅपवरच चालवली. हळू, डाव्या लेनमधून. नाशिक फाट्यापर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाला, "तिला सांगू नकोस."

"साक्षीदार आहे मी," मी म्हटलं.

शेवटी त्यानेच सांगितलं. प्रिंटआउट डायनिंग टेबलवर ठेवलं आणि क्लचसकट सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता महाभारत. वहिनीने कागद दोनदा वाचला, बोट त्या उडालेल्या रेघेवर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "बरं झालं मोजलंस."

नवी क्लचप्लेट बसलीय. मॅप कंपनीचा आहे आणि राहणार आहे. स्पितीची तारीख तीच.

मागच्या रविवारी पुन्हा मावशीकडे जेवायला होतो. भाच्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, आता आपल्या गाडीत किती घोडे?"

दादाने माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. "एकशे आठ," तो म्हणाला. "इन-हॅन्ड."

मावशी पोळी वाढता वाढता म्हणाली, "एकशे आठ? जपमाळेचे मणीसुद्धा तेवढेच असतात रे. शुभ आकडा आहे."