सोनोग्राफीला स्नायूतली शिदोरी दिसत नाही

मांडीवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवायचा आणि स्नायूंत किती ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, उरला ते लगेच सांगायचे, असा दावा गेली काही वर्षे होत आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूला त्याचा मोह पडणारच, कारण त्यात सुई नाही आणि मांसाचा तुकडा काढणे नाही. या दाव्याला आधारही आहे. २०१४ मध्ये कोलोराडोच्या हिल आणि सान मिलान यांनी सायकलपटूंची सोनोग्राफी बायोप्सीशी, म्हणजे सुईने काढलेल्या स्नायूच्या तुकड्याशी, ताडून पाहिली आणि आकडे चांगले जुळले. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, म्हणून भरलेला स्नायू पडद्यावर काळसर आणि रिता झालेला उजळ दिसतो, अशी यामागची मांडणी आहे.

मला ती मान्य नाही. यंत्राला ग्लायकोजेन दिसतच नाही, दिसते ती चित्राची करडी छटा. ती छटा घामाने, क्रिएटिनने, स्नायूतल्या चरबीने, व्यायामानंतर वाढलेल्या रक्ताने, अगदी प्रोब किती दाबला त्यानेही बदलते. २०१९ मध्ये व्यावसायिक रग्बी लीग खेळाडूंवर हीच पद्धत बायोप्सीसमोर उभी केली, तेव्हा ती टिकली नाही. पुढे ऑस्ट्रेलियात जूलिया बोन, लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंना क्रिएटिन आणि कर्बोदके देऊन साठा मुद्दाम बदलला. तिथेही यंत्राचा अंदाज विश्वासार्ह ठरला नाही. एका प्रयोगात जुळलेला आकडा दुसऱ्या परिस्थितीत कोसळत असेल, तर त्यावर धावपटूचा आहार ठरवणे चूक आहे.

मराठवाड्यातल्या फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी तर अशा यंत्राचा खर्च आणखी अनाठायी. पोलीस भरतीची १६०० मीटर धाव पाच-सहा मिनिटांत संपते. तेवढ्यात साठा आटत नाही. आटतो तो दीड तासाच्या पुढे, अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉनमध्ये. शिवाय गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय वापरता येत नाही, आणि हातात मावणारे यंत्र मैदानावर फिरवण्यावर तर कडक बंधने आहेत. मुलींचे गर्भ वाचवणारी ती बंधने खेळासाठी सैल करा, असे कोणी म्हणू नये.

सोनोग्राफीला मी नाकारत नाही. फाटलेला स्नायू, सुजलेला कंडरा, दुखापतीनंतर घटलेली मांडीची जाडी हे ती उत्तम दाखवते. साठ्याबद्दलचे आपले ज्ञान मात्र सुईने मिळवलेले आहे. १९६७ मध्ये स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम, हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी बायोप्सी घेऊन दाखवले, की कर्बोदकांनी भरलेल्या आहारावर माणूस कर्बोदके तोडलेल्या आहारापेक्षा जवळजवळ तिप्पट वेळ सायकल मारू शकतो. ते उत्तर मिळाल्यावर प्रत्येक धावपटूची मांडी तपासत बसण्याची गरज राहिली नाही.

आजची शिफारस अशी: दीड तासाहून लांब शर्यतीआधीचे दीड-दोन दिवस रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदके. साठ किलोच्या मुलाला म्हणजे ६०० ते ७२० ग्रॅम. एवढे मिळवायला कच्चे धान्य पाऊण किलोहून जास्त लागते. ज्वारीची भाकरी, भात, गूळ, केळी यांतून ते भरते, पण दोन वेळच्या जेवणात नाही. दिवसभर थोडे थोडे खावे लागते. आपल्या कितीतरी मुलांचे खाणे याच्या निम्म्यावरही नसते, आणि ते कळायला यंत्र लागत नाही.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत धावला. मराठवाड्यात अंगात दम असलेली मुले आहेत. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी यंत्राच्या भाड्याचे पैसे त्यांच्या ताटात घालावेत, आणि वजन, झोप, खाणे व धावण्याची वेळ रोज एका वहीत लिहून ठेवायला लावावे.