तपशिलाचे इमान

युद्धनौकांच्या लघुप्रतिकृती घडविण्याच्या छंदाकडे पोरखेळ म्हणून पाहणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्या नौका हिटलरच्या जर्मनीच्या असल्या तर त्या घडविणाऱ्याच्या मनात काही वेडेवाकडे असावे, असा संशय घेणारेही थोडे नाहीत. अशा मंडळींना जर सांगितले की, ‘बिस्मार्क’ नौकेच्या केवळ तोफांच्या कातीव पितळी नळ्या स्वतंत्रपणे विकत मिळतात, आणि त्या परदेशातून मागवून वर निमूटपणे जकात भरणारे सद्गृहस्थ आपल्या पुण्या-मुंबईतही आहेत, तर त्यांच्या संशयाला हास्याचीही जोड मिळते. माझे मत याहून निराळे आहे. या छंदाचा दोष तपशिलाच्या अतिरेकाचा नाही, तपशिलाचा मागोवा घेता घेता तो सोयीच्या ठिकाणी थांबविण्याचा आहे.

नळ्या वेगळ्या का घ्याव्या लागतात, हे आधी सांगितले पाहिजे. साच्यातून निघालेली प्लॅस्टिकची नळी पुष्कळदा दोन अर्धुकांची असते. ती चिकटविली की दोन्ही अंगांना सांधा उमटतो, आणि तो सांधा घासून काढावा तर नळीची गोलाई नाहीशी होते. एकसंध ओतलेल्या नळीवरही साच्याची रेघ उरतेच, आणि तोंड बहुधा बुजलेले असते. खरी तोफ ३८ सेंटिमीटर व्यासाची. नौका साडेतीनशेपट लहान केली की तो व्यास जेमतेम एक मिलिमीटर भरतो आणि सातशेपट लहान केली की अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा तोंडात हाताने भोक पाडताना बोट किंचित थरथरले तरी तोफ कायमची तिरळी होते. म्हणून लेथवर पितळ कातून, मुळाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती होत जाणारी, आत पोकळ अशी नळी तयार करण्याचा मार्ग निघाला, आणि पोलंडमधील काही लहान कारखान्यांनी त्या कामात चांगला लौकिक मिळविला.

तथापि चांगली नळी हाती आल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. क्रुपच्या कारखान्याने घडविलेल्या या तोफा बिस्मार्कवर चार बुरुजांत दोन-दोन अशा बसविल्या होत्या. पुढचे दोन बुरूज आंतोन आणि ब्रूनो, मागचे दोन सेझर आणि डोरा. एकाच बुरुजातील दोन्ही तोफा परस्परांपासून स्वतंत्र वर-खाली होत. नेम धरताना नळी ३० अंशांपर्यंत उचलता येई; परंतु ८०० किलो वजनाचा गोळा आणि त्यामागची दारू भरण्यासाठी ती प्रत्येक वेळी अडीच अंशांवर आणावी लागे. म्हणजे ज्याने एक नळी उंचावलेली आणि शेजारची जवळजवळ आडवी अशी रचना केली, त्याने लोखंडाच्या त्या पेटीत घामाघूम होऊन राबणारे, बाहेरून कधीच न दिसणारे खलाशीही आपल्या प्रतिकृतीत आणले, असे मी म्हणेन. दुसरी गोष्ट याहूनही विलक्षण. सुमारे एक हजार टनांचा प्रत्येक बुरूज नौकेला जखडलेला नव्हता. तो आपल्या भारानेच आपल्या वर्तुळाकार मार्गावर टेकलेला असे. नौका उलटली तेव्हा चारही बुरूज निसटून गेले, आणि १९८९ साली सुमारे ४,८०० मीटर खोलीवर बिस्मार्कचा सांगाडा सापडला तेव्हा त्यांच्या जागी केवळ गोल विवरे आढळली. बुरूज फिरता राहावा म्हणून त्याला डिंक न लावणारा छांदिष्ट नकळत मूळ रचनेचेच पालन करीत असतो.

येथवर मी या मंडळींच्या बाजूचा आहे. पुढे मात्र त्यांची चिकित्सा लंगडी पडते. बिस्मार्कच्या पुढील व मागील डेकवर, आपल्याच विमानांना ओळख पटावी म्हणून, मोठी स्वस्तिकचिन्हे रंगविलेली होती. मे १९४१ मधील मोहिमेच्या वेळी ती रंगाखाली झाकण्यात आली. आज जर्मनीत त्या चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याचा निर्बंध आहे, आणि ज्या भूमीवर ते सारे घडले त्या भूमीला तसा निर्बंध घालण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु प्रतिकृतीच्या संचाच्या वेष्टनावरून चिन्ह पुसले जाते आणि त्याच्या जागी इतिहासाचे एक अक्षरही येत नाही, तेव्हा उरते ती केवळ एक देखणी, निष्पाप यंत्ररचना. कोणत्या राजवटीने कोणत्या हेतूने ती समुद्रात लोटली, याचा मागमूसही राहत नाही. राखाडी रंगाच्या छटेवरून रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना ही उणीव खटकू नये, हे मला चमत्कारिक वाटते.

आणि त्या तोफांचा पराक्रम तरी किती? २४ मे १९४१ रोजी बिस्मार्कशी झालेल्या लढाईत ब्रिटिश युद्धनौका ‘हूड’ काही मिनिटांत बुडाली. तिच्यावरील १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. तीनच दिवसांनी, जुनाट दुपंखी विमानाच्या पाणतीराने सुकाणू निकामी झालेल्या बिस्मार्कवर ब्रिटिश नौकांनी सकाळी ८.४७ वाजता मारा सुरू केला, आणि साडेनऊच्या सुमारास तिचे चारही बुरूज मुके झाले होते. तिच्यावर बावीसशेहून अधिक माणसे होती. वाचली ती सुमारे ११५. तिची बहीण ‘टिर्पिट्झ’ हिच्या तशाच आठ तोफांनी तर शत्रूच्या नौकेवर कधी गोळा टाकलाच नाही. १९४३ मध्ये स्पिट्सबर्गेनच्या किनाऱ्यावर त्या धडाडल्या, आणि १९४४ च्या नोव्हेंबरात ट्रोम्सोजवळ बॉम्बखाली ती नौका उलटली. या हिशेबात अजिंक्यतेची दंतकथा बसवायची कोठे?

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक संचाच्या सूचनापत्रकात कोणता भाग कोणत्या रंगाचा, याची यादी असते. त्याच पत्रकाच्या पाठीवर, हे जहाज कोणी, कशासाठी बांधले, त्याने कितीजणांना मारले आणि त्यावरचे कितीजण मेले, हे दहा ओळींत छापावे. ज्यांना अस्सल बुरूज पाहण्याची हौस असेल त्यांच्यासाठी, कील येथे १९४२ साली बॉम्बने जायबंदी झालेल्या ‘ग्नायझेनाउ’ या जर्मन युद्धनौकेचा तीन तोफांचा बुरूज नॉर्वेतील औस्ट्रोट येथे किनारतोफ म्हणून बसविलेला, आजही शाबूत आहे; त्यांनी त्याची मापे घ्यावीत, नळ्या खुशाल त्या मापांबरहुकूम कातून घ्याव्यात, पण कारखानदारांकडे त्या दहा ओळींचीही मागणी करावी.