प्रकाशाच्या पुढे धावण्याची हौस

'काल जे अशक्य होते ते आज शक्य झाले. तेव्हा आज जे अशक्य आहे ते उद्या शक्य होईल,' हे वाक्य आमच्या सुशिक्षित समाजात सुभाषिताच्या योग्यतेस पोचले आहे. व्याख्यानाच्या शेवटी वक्ता ते म्हणतो, स्नेहसंमेलनाचा अध्यक्ष ते म्हणतो, आणि मनुष्य प्रकाशाहून अधिक वेगाने प्रवास करू शकेल काय, असे एखाद्या चौकस मुलाने घरात विचारले, तर वडील मंडळीही वर्तमानपत्र खाली न ठेवता तेच म्हणतात. उत्तर आशावादी दिसते म्हणून त्यास कोणी हरकत घेत नाही. आम्हांस ती घ्यावयाची आहे. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि हे 'नाही' 'अद्याप नाही' या जातीचे नव्हे.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करू. विद्वानांनी 'कधीच नाही' म्हणावे आणि काळाने त्यांचे हसे करावे, असे अनेकदा घडले आहे. ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने 1835 साली असे प्रतिपादन केले की, ताऱ्यांचे रासायनिक घटक मनुष्यास कधीही कळावयाचे नाहीत. पंचवीसएक वर्षे जातात न जातात तोच किर्चहोफ व बुन्सेन यांनी वर्णपटावरून सूर्यातील मूलद्रव्ये ओळखून दाखविली. विमानाविषयीही असेच झाले. पण या फजितीतून निष्पन्न काय होते? काही माणसांचे अंदाज चुकले, इतकेच. ताऱ्यांचे घटक कळू नयेत असा सृष्टीचा नियम कोणी दाखविला नव्हता. आणि विमानाविषयी शंका घेणाऱ्यांच्या डोक्यावरून घारी तर रोजच जात होत्या.

ध्वनीच्या वेगाची गोष्ट तर प्रतिपक्षाने सांगूच नये. 14 ऑक्टोबर 1947 रोजी चक येगर या वैमानिकाने एक्स-1 विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला आणि 'ध्वनीची भिंत' पडली, हे खरे. परंतु ती भिंत विमानाच्या घडणीपुरती होती. बंदुकीची गोळी आवाजाच्या आधी पोचते हे सैनिकांस पूर्वीच ठाऊक होते. किंबहुना त्या विमानाचा आकार मुळी गोळीवरूनच घेतला होता. गाडीवानाच्या आसुडाचा जो कडाका ऐकू येतो, तोही त्याचे टोक ध्वनीहून वेगाने गेल्याचाच आवाज होय. जी गोष्ट आसुडास साधते ती विमानास का साधू नये, एवढाच तेथे प्रश्न होता. प्रकाशाहून वेगाने जाणारा एक धूलिकणही आजवर कोणास आढळलेला नाही. आणि कणांचा वेग वाढविण्याचे जे प्रयत्न झाले, ते काही थोडेथोडके नव्हेत.

1964 साली अमेरिकेत विल्यम बर्तोत्सी यांनी केलेला प्रयोग शाळेतील मुलासही समजण्याजोगा आहे. इलेक्ट्रॉनांस अधिकाधिक ऊर्जा देत जावयाचे, आणि दर वेळी ठरावीक अंतर तोडण्यास त्यांस किती वेळ लागतो ते मोजावयाचे. न्यूटनच्या गणिताप्रमाणे ऊर्जा चौपट केली की वेग दुप्पट व्हावयास हवा. प्रत्यक्षात वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊन तेथेच घुटमळू लागला. ऊर्जा वाटेत कोठे सांडत होती म्हणावे, तर तेही नाही. इलेक्ट्रॉन ज्या धातूच्या चकतीवर आदळत, ती त्या मानाने अधिकाधिक तापत होती. पुढे जिनीव्हाजवळ जमिनीखाली 27 किलोमीटर परिघाचे भुयार खणून त्यात हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. तेथे प्रोटॉनांचा वेग प्रकाशाहून सेकंदास सुमारे तीन मीटर कमी, येथवर येऊन पोचला. त्याच भुयारात 2000 सालापर्यंत इलेक्ट्रॉन फिरवीत असत. ते प्रकाशाच्या मागे सेकंदास अवघे चार मिलिमीटर असत. सेकंदास 29,97,92,458 मीटर धावणाऱ्याच्या मागे चार मिलिमीटर! आणि तेवढे अंतरही कधी भरून निघाले नाही. साठ किलो वजनाच्या एका मनुष्यास, यानाचे ओझे बाजूस ठेवून, प्रकाशाच्या शेकडा 99 इतका वेग द्यावयाचा म्हटले, तर आपल्या सबंध देशात आज निर्माण होणारी वीज अंदाजे पाच वर्षे पुरवावी लागेल. उरलेला एक टक्का मिळविण्यास मात्र कितीही वर्षांची वीज पुरणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, ही सारी खर्चाची अडचण झाली. आपले नातू श्रीमंत असतील. म्हणून खर्चाचा मुद्दा आम्ही सोडून देतो व खऱ्या मुद्द्याकडे वळतो. 'प्रकाशाचा वेग' हे नावच थोडे फसवे आहे. त्यामुळे प्रकाश हा शर्यतीत सर्वांच्या पुढे असलेला एक घोडा आहे, आणि त्याहून चपळ घोडा आज ना उद्या पैदा होईल, असे वाटू लागते. 1887 साली मायकेलसन व मोर्ली यांनी पृथ्वीच्या गतीचा प्रकाशाच्या वेगावर काही परिणाम होतो काय, हे बारकाईने पाहिले. तो दिसला नाही. 1905 साली आइन्स्टाइनने हे निमूटपणे खरे धरले आणि त्यातून जे निष्पन्न होईल ते पत्करले. प्रकाशाच्या मागे धावा वा त्याच्याकडे धावा, मोजल्यावर त्याचा वेग तोच भरतो. आणि तो तसा भरावयाचा तर दोन दूरच्या घटना 'एकाच वेळी' घडल्या किंवा कोणती आधी घडली, याविषयी वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या दोन माणसांचे एकमत होऊ शकत नाही. फक्त ज्या दोन घटनांच्या दरम्यान प्रकाश जाऊन पोचू शकतो, त्यांचा क्रम सर्वांस सारखाच दिसतो. कारण आधी व कार्य मागून, ही जगाची रहाटी त्या एका अटीवर उभी आहे.

ही अट मोडली तर काय होते ते आकड्यांनी पाहू, म्हणजे आम्ही शब्दांचा खेळ करतो असा आरोप येणार नाही. एक मुलगी प्रकाशाच्या आठ-दशांश वेगाने यानातून निघाली आहे व तिचा बाप पुण्यास आहे, असे समजा. दोघांजवळही निरोप क्षणात पोचविणारे एकसारखे यंत्र आहे. बाप आपल्या घड्याळाप्रमाणे दहाव्या वर्षी विचारतो, 'खुशाल आहेस ना?' वेगवान यानातील काळ सावकाश चालतो, म्हणून मुलीस हा निरोप तिच्या सहाव्या वर्षी मिळतो, आणि ती तत्क्षणी उत्तर पाठविते. परंतु तिच्या दृष्टीने ती स्थिर आहे व पुणेच आठ-दशांश वेगाने मागे पडत आहे; तेव्हा तिच्या सहा वर्षांत पुण्यातील घड्याळात 3.6 वर्षेच झालेली असणार. तिचे यंत्र तिच्या हिशेबाने 'क्षणात' काम करते, आणि उत्तर पुण्यास 3.6 व्या वर्षी येऊन पडते. बापाने प्रश्न विचारावयास अद्याप सहा वर्षांहून अधिक अवकाश आहे! आता उत्तर वाचून त्याने प्रश्न विचारण्याचेच रहित केले, तर ते उत्तर कशाचे? निरोप क्षणात न पोचता प्रकाशाहून किंचितच वेगाने जातो असे धरले, तरी यानाचा वेग योग्य निवडून हीच गत आणता येते. आणि निरोपाच्या जागी मनुष्य बसविला, तर तो आपल्या निघण्याच्या आधी घरी येऊन स्वतःस निरोप देऊ शकेल. जो कोणी प्रकाशाहून वेगवान प्रवासाची आशा बाळगतो, त्याने ही आशाही सोबत बाळगली पाहिजे. एक ठेवून दुसरी टाकण्याची सोय नाही.

'न्यूटन जसा खोटा ठरला तसा आइन्स्टाइनही ठरेल,' हे दुसरे सुभाषित. न्यूटन खोटा ठरला कोठे? 1969 साली माणसे चंद्रावर गेली ती त्याच्याच गणिताने. नवा सिद्धांत जुन्यास पोटात घेऊन येतो, त्याच्या पडताळ्यांवर पाणी सोडून येत नाही. उद्याचा कोणताही सिद्धांत जिनीव्हाच्या भुयारातील ते चार मिलिमीटर जसेच्या तसे देऊनच उभा राहील.

आता पळवाटांकडे. तुर्भे येथील अप्सरा अणुभट्टीच्या पाण्यात जो निळा प्रकाश दिसे, तो पाण्यातील प्रकाशाहून वेगाने धावणाऱ्या कणांचा होता, असा दाखला कोणी देतात. दाखला खरा आहे, पण पाण्यात प्रकाशच मंदावून तीन-चतुर्थांश वेगाने चालतो. निर्वातातील प्रकाशास त्या कणांनीही मागे टाकलेले नाही. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशाहून अधिक वेगाने दुरावत आहेत हेही खरे. परंतु तेथे अवकाशच प्रसरण पावत आहे, कोणी कोठे प्रवासास निघालेला नाही. 1962 साली बिलान्युक, देशपांडे व सुदर्शन या तिघांनी जन्मतःच प्रकाशाहून वेगवान असणाऱ्या कणांची कल्पना मांडली. देशपांडे हे नाव वाचून मराठी वाचकास आनंद होईल, आम्हांसही झाला. पण ते कण कल्पनेप्रमाणेही कधी प्रकाशाच्या अलीकडे येऊ शकत नाहीत, आपण पलीकडे जाऊ शकत नाही, आणि आजवर त्यांतला एकही सापडलेला नाही.

या सर्वांत भारदस्त पळवाट मेक्सिकोचे मिगेल अल्क्युबिएरे यांची. यानाने धावू नये. यानापुढील अवकाश आकुंचित करावे, मागील प्रसृत करावे, आणि मध्ये बुडबुड्यात प्रवाशाने स्वस्थ बसावे, असे त्यांनी 1994 साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून दाखविले. कल्पना सुंदर आहे, आणि वर्तमानपत्रे ती दर दोन वर्षांनी नव्याने शोधून काढतात. परंतु समीकरणात बसते ते सृष्टीत असतेच असे नाही. क्षेत्रफळाच्या गणितात बागेची लांबी उणे पाच मीटरही येते, आणि आपण ती मुकाट्याने खोडतो. त्या बुडबुड्यास उणे ऊर्जा लागते. फेनिंग व फोर्ड यांनी 1997 साली हिशेब केला, तेव्हा तिचे प्रमाण दृश्य विश्वातील सर्व वस्तुमानाहून अधिक भरले. नंतरच्या पंडितांनी हा आकडा पुष्कळ खाली आणला, पण उणे ऊर्जेचा ढीग कोठून आणावयाचा हे कोणी सांगितलेले नाही. शिवाय आत बसलेल्या प्रवाशाचा संदेश बुडबुड्याच्या पुढच्या कडेस पोचूच शकत नाही. म्हणजे गाडीत बसावे आणि लगाम गाडीबाहेर! आणि अशा दोन बुडबुड्यांची जोडणी केली तर पुन्हा भूतकाळात जाता येते, हे एव्हरेट यांनी 1996 सालीच दाखविले आहे. पळवाट फिरून त्याच अंगणात येते.

2011 च्या सप्टेंबरात इटलीतील ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की, जिनीव्हाहून 730 किलोमीटर आलेले न्यूट्रिनो प्रकाशाहून 60 अब्जांश सेकंद आधी पोचले. जगातील वर्तमानपत्रांनी आइन्स्टाइनचे बारावे उरकून घेतले. पदार्थवैज्ञानिकांनी मात्र एक जुना हिशेब काढला: 1987 साली दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो सुमारे 1,68,000 वर्षांचा प्रवास करून प्रकाशाच्या फक्त काही तास आधी आले होते, तेही प्रकाशास फुटत्या ताऱ्यातून बाहेर पडावयास उशीर लागला म्हणून. ऑपेराचा आकडा खरा असता, तर ते चार वर्षे आधी यावयास हवे होते. 2012 साली उलगडा झाला: प्रकाशतंतूची एक तार नीट बसलेली नव्हती व एक घड्याळ किंचित चुकत होते. त्या प्रयोगकर्त्यांस आम्ही हसत नाही. त्यांनी आपला आकडा चुका शोधण्यासाठी जगापुढे ठेवला. हसू येते ते दुसऱ्या दिवशीच ताऱ्यांची तिकिटे काढणाऱ्यांचे.

आमच्या घरी तर आणखी एक पक्ष आहे. सायणाचार्यांच्या भाष्यात निमिषार्धात 2202 योजने हा वेग आहे, तो प्रकाशाचाच, असे हा पक्ष सांगतो. योजनाची लांबी मात्र उत्तर जुळेल अशी निवडतो. रेवतीची कथाही तो पुढे करतो. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारावयास ब्रह्मलोकी गेला, क्षणभर गायन ऐकत थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. कथेत भौतिकशास्त्र शोधणे आम्हांस मान्य नाही. पण शोधावयाचेच असेल, तर ती आमच्या बाजूची आहे. राजाने प्रकाशास मागे टाकले असे तीत कोठेही नाही. तो दूर गेला, त्याचा काळ थोडा गेला, आणि परत आला तेव्हा ओळखीचे कोणी उरले नव्हते.

नेमके इतके मात्र मनुष्यास तत्त्वतः साध्य आहे. पृथ्वीवर जितके वजन भासते तितकेच भासेल अशा बेताने वेग वाढवीत व अर्ध्या वाटेपासून कमी करीत गेले, तर आकाशगंगेच्या मध्यापर्यंत प्रवाशाच्या आयुष्यातील वीसएक वर्षांत पोचता येईल. मागे पृथ्वीवर सुमारे सत्तावीस हजार वर्षे गेलेली असतील. प्रत्यक्षात आज आपण कोठे आहोत? 1977 साली निघालेले व्हॉयेजर-1 सुमारे पन्नास वर्षे चालून जेमतेम तितके दूर गेले आहे, जितके प्रकाश एका दिवसात जातो.

आम्हांस हा वाद घालावासा वाटतो तो ताऱ्यांपेक्षा घरातील त्या मुलासाठी. 'अद्याप नाही' आणि 'कधीच नाही' यांतील भेद ज्यास शिकविला नाही, तो मोठेपणी पाण्यावर चालणाऱ्या मोटारीत पैसे घालतो. 1996 साली पानांपासून पेट्रोल निघते म्हणून तामिळनाडूत जो गाजावाजा झाला, त्यात डोके हलविणारे सारेच काही अशिक्षित नव्हते.

तरीही कोणास आमचे म्हणणे पटले नसेल, तर त्याने पुण्यातील त्या बापाचे कोडे सोडवून उत्तर आमच्याकडे लिहून पाठवावे. ते हा अंक निघाल्यावर आले, तर आम्ही काळजीपूर्वक वाचू. निघण्यापूर्वी आले, तर न वाचताच मत बदलू.